कोंबड्या, बदकं, हंस : जंताचं औषध देऊनही जंत परत का येतात आणि नेमकं कुठे बघायचं

जंताचं औषध दिलं, आठवडाभर पक्षी बरे वाटले, आणि मग हळूहळू परत तेच. तुरा फिका पडतोय, शीट पातळ, अंडी घटली, खातायत भरपूर पण हातात धरलं की छातीचं हाड टोचतंय. मग दुसऱ्या कंपनीचं औषध, मग डबल डोस, मग कुणीतरी सांगितलं म्हणून लसणाचं पाणी, आणि दीड-दोन महिन्यांनी परत पहिल्या पायरीवर. ज्यांच्याकडे हे सारखं सारखं होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, ज्यांचं काम एका डोसमध्ये झालं त्यांना एवढं वाचायची गरज नाही.

औषध बदलायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : डोस दिल्यानंतर जंत परत किती दिवसांनी दिसले? बाकी सगळं नंतर. कारण या एका उत्तरावरून निम्मा शोध संपतो.

डोसनंतर १० ते १४ दिवसांनी शीट तपासली आणि जंताची अंडी जवळपास तेवढीच निघाली तर जंत परत आलेच नाहीत, ते गेलेच नव्हते. म्हणजे औषध पक्ष्याच्या पोटात पुरेसं पोचलं नाही, किंवा ते त्या जातीच्या जंतावर चालत नाही. त्या तपासणीत अंडी जवळजवळ नाहीत पण ५ ते ८ आठवड्यांनी परत भरपूर, तर औषधाने काम केलंय आणि तुमची जमीन पक्ष्यांना परत जंत देतेय. कोंबडीतला मोठा गोल जंत, अस्कारिडिया, पोटात गेल्यापासून वाढून स्वतः अंडी घालेपर्यंत साधारण तेवढाच वेळ घेतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. तिसरा प्रकार म्हणजे कोरड्या दिवसांत सगळं ठीक आणि पाऊस लागला, जमीन ओली झाली की सुरू, तिथे बहुतेक वेळा गांडूळ आणि गोगलगायी मध्ये असतात. आणि चौथा, जो लोक विचारातच घेत नाहीत, की शीट तपासली तर त्यात जंताचं काहीच नाही. मग तुम्ही जंताचं औषध चुकीच्या आजारावर देताय.

आता एकेक घेऊ.

मुळात जंतच आहेत का

फिका तुरा, वजन कमी, जुलाब, अंडी कमी ही लक्षणं जंताची आहेतच पण यातली बरीच लाल माइट्समुळेही दिसतात. रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा, बसायच्या दांड्याच्या फटी आणि दांड्याची खालची बाजू बघा, पांढरा टिश्यू फिरवा, त्यावर रक्ताचे डाग आले तर माइट्स आहेत, ते रात्री रक्त पितात आणि दिवसा लपतात म्हणून दिवसा पक्षी तपासून काही सापडत नाही. पिल्लं साधारण ३ ते ८ आठवड्यांची असतील, पिसं फुगवून कोपऱ्यात बसली असतील आणि शीटेत रक्त असेल तर आधी कॉक्सिडिया डोक्यात यायला हवा. कॉक्सिडिया हा जंत नाही, एकपेशीय जीव आहे, त्याला फेनबेंडाझोल, लेव्हामिसोल, पिपराझिन यातलं जंताचं कुठलंच औषध लागू पडत नाही, त्याला अ‍ॅम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल लागतं. यात उशीर झाला तर पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात, जंतासारखा हळूहळू चालणारा मामला नाही हा, म्हणून रक्त दिसलं की थांबू नका.

शीट तपासणी पशुवैद्यकाकडे किंवा लॅबमध्ये होते आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा याच गोष्टीचा आहे, औषधाच्या तीन बाटल्यांपेक्षा जास्त. सँपल नीट न्या मात्र. एकाच ढिगातून उचलून चालत नाही कारण कळपात काही पक्ष्यांत खूप जंत असतात आणि बाकीच्यांत किरकोळ. सकाळी ताज्या ८-१० शीटा वेगवेगळ्या जागेवरून, प्रत्येकातलं थोडं थोडं, झिपच्या पिशवीत, हवा काढून, आणि न्यायला वेळ असेल तर फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. बदकांची, कोंबड्यांची आणि हंसांची पिशवी वेगळी ठेवा, एकत्र केलं तर कुणाचा प्रॉब्लेम आहे तेच कळणार नाही. कोंबडीच्या शीटेत एक चॉकलेटी, चिकट, जास्त वास येणारी शीट अधूनमधून असते, ती सीकमची, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या दोन बंद पिशव्यांमधली, तो जुलाब नाही, ती बघून घाबरू नका पण सँपलमध्ये तीही थोडी असू द्या. लॅबला सांगा की मोजून द्या, मॅकमास्टर पद्धतीने ग्रॅममागे किती अंडी आहेत ते. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद कामाचा नाही कारण नंतर तुलना कशाशी करणार. डोसच्या आधीचा आकडा आणि १०-१४ दिवसांनंतरचा आकडा, हे दोन हातात असले की अंदाजबाजी संपते.

तपासणीत पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, बऱ्याचदा सापडत नाहीत हे माहीत असू द्या. त्यांची अंडी सुटी न येता तुकड्यांसकट बाहेर पडतात, त्यामुळे ताज्या शीटेवर पांढरे, चपटे, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे दिसतायत का, हलतायत का, ते स्वतः वाकून बघायचं. ते सकाळी लवकर बघा, वाळल्यावर तुकडे आक्रसतात आणि कळत नाहीत. आणखी एक, शीट जुनी असेल आणि त्यात बारीक पांढरे किडे वळवळत असतील तर त्या माशीच्या अळ्या असू शकतात, बाहेरून आलेल्या, त्यामुळे ताज्या शीटेवरच निर्णय घ्या.

औषध पोटात गेलं का

'औषध लागू पडत नाही' म्हणतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गडबड इथे असते, आणि कोंबडी, बदक, हंस एकत्र पाळणाऱ्यांकडे तर जास्तच, कारण तिघांच्या बाबतीत औषध हुकायची कारणं वेगळी आहेत.

कोंबड्यांमध्ये दादागिरी असते. वरच्या नंबरच्या कोंबड्या खाद्याच्या भांड्यावर आधी येतात, खालच्या नंबरची कोंबडी सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं. म्हणजे जिला जंत जास्त, जी अशक्त, तिलाच औषध सगळ्यात कमी. त्यात दिवसभर बाहेर चरणारी कोंबडी भांड्यातलं कमीच खाते. म्हणून औषधाचं खाद्य द्यायचं त्या दिवसांत बाहेर सोडायची वेळ कमी करा, वरचा खाऊ, धान्य, स्वयंपाकघरातलं उरलेलं सगळं बंद, आणि भांडी दोन-तीन जागी ठेवा. पावडर असेल तर ती कोरड्या दाणेदार खाद्यात तळाशी जाऊन बसते, खाद्याला अगदी थोडं तेल चोळून मग पावडर मिसळा, आणि आधी थोड्या खाद्यात मिसळून मग ते मोठ्या खाद्यात मिसळा म्हणजे सगळीकडे सारखी जाईल.

बदकांना पाण्यातून औषध द्यायचं म्हणजे औषध चिखलाला द्यायचं. ती चोच धुतात, पाणी उडवतात, त्यात चढतात, आणि जवळ डबकं किंवा टब असेल तर औषधाच्या पाण्याकडे बघतही नाहीत, लेव्हामिसोल तर कडू असतं. किती प्यायलं आणि किती सांडलं याचा हिशोब लागतच नाही. बदकांना एकतर खाद्यातून, ओलसर केलेल्या खाद्यात मिसळून, किंवा एकेकाला पकडून तोंडातून.

हंसांचं उलट. ते मुख्यतः गवत खातात. भांड्यातलं खाद्य त्यांच्यासाठी वरचं आहे, चांगलं गवत मिळत असेल तर त्यांचं त्यावाचून अडत नाही, म्हणजे खाद्यातून दिलेलं औषध अर्धवट पोचतं. एकतर त्या दिवसांत गवतावरून काढून बंदिस्त ठेवा आणि औषधाचंच खाद्य द्या, किंवा सरळ एकेकाला मोजून पाजा. थोडेच पक्षी असतील तर मी एकेकाला पाजायचंच सुचवेन, त्रास होतो पण खात्री असते.

पाण्यातून देताना आणखी एक गोष्ट. फेनबेंडाझोलचं साधं सस्पेन्शन, जे जनावरांसाठी मिळतं, ते पाण्यात विरघळत नाही, तळाशी साका बसतो. सकाळी ढवळून ठेवलं आणि दुपारी वर निव्वळ पाणी. पाण्यात देण्यासाठी वेगळ्या प्रकारे बनवलेलं फेनबेंडाझोल येतं, कोंबड्यांसाठी त्याचा डोस किलोमागे १ मिलीग्राम रोज, सलग ५ दिवस असा असतो, पण तो डोस त्या औषधाचा आहे, जनावरांच्या सस्पेन्शनवर तो आकडा लावू नका. फ्लुबेंडाझोल खाद्यातून द्यायचं असतं, कोंबड्या आणि हंसांसाठी खाद्यात ३० पीपीएम, म्हणजे एक किलो खाद्यात ३० मिलीग्राम मूळ औषध, सलग ७ दिवस. सातच्या सात दिवस. तिसऱ्या दिवशी मेलेले जंत दिसले आणि पक्षी बरा वाटला म्हणून थांबवलं की काम अर्धवट राहतं, ही औषधं एका दणक्यात मारत नाहीत, रोज थोडं थोडं पोटात राहण्यावर त्यांचं काम चालतं.

डोसचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून सावकाश लिहितो. डोस नेहमी पक्ष्याच्या वजनावर, मिलीग्राम प्रति किलो असा असतो, आणि बाटलीवर टक्के लिहिलेले असतात. १० टक्के म्हणजे १ मिलीमध्ये १०० मिलीग्राम. २.५ टक्के म्हणजे १ मिलीमध्ये २५ मिलीग्राम. आता समजा डॉक्टरांनी किलोमागे २० मिलीग्राम सांगितलंय आणि कोंबडी २ किलोची आहे, तर तिला ४० मिलीग्राम पाहिजे. १० टक्केवाल्या बाटलीतून ते ०.४ मिली होतं आणि २.५ टक्केवाल्यातून १.६ मिली. चौपट फरक आहे. 'मी अमुक औषध अर्धा मिली देतो' हा सल्ला बाटलीचे टक्के आणि पक्ष्याचं वजन कळल्याशिवाय घ्यायचाच नाही, कुणीही दिला तरी. (वरचा २० चा आकडा फक्त हिशोब समजावा म्हणून घेतलाय, तुमच्या औषधाचा आणि पक्ष्याचा डोस डॉक्टरांकडूनच घ्या.)

वजन डोळ्याने कधीच बरोबर येत नाही. छोट्या जातीची कोंबडी एक किलोच्या आत असते, मोठा कोंबडा ४ किलोपर्यंत जातो, हंस त्याच्याही वर, आणि अशक्त पक्षी पिसांमुळे आहे त्यापेक्षा जाड दिसतो. कापडी पिशवीत पाय आत घालून बसवा, डोकं बाहेर, आणि हुकाच्या वजनकाट्याला लटकवा, अंधारलेल्या जागी केलं तर पक्षी शांत राहतो. पूर्ण कळपाचा डोस काढताना सरासरी वजन धरलं की मोठ्या पक्ष्यांना कमी पडतं, आणि कमी डोस वारंवार देणं हेच औषध बोथट व्हायचं एक मोठं कारण आहे. टर्कींमधल्या गोल जंतांत फेनबेंडाझोलला न जुमानणारे जंत सापडलेले आहेत, म्हणजे ही भीती कागदावरची नाही. औषध पूर्ण, मोजून, प्रत्येक पक्ष्याला दिलं आणि तरी १४ दिवसांनी अंड्यांचा आकडा ९० टक्क्यांपेक्षा कमीच घटला, तर मग वेगळ्या गटातलं औषध घ्यायचं. वेगळ्या गटातलं म्हणजे काय ते बघा : फेनबेंडाझोल, फ्लुबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही तिन्ही एकाच गटातली भावंडं आहेत, यातलं एक सोडून दुसरं घेतलं म्हणजे बदल झाला असं होत नाही. लेव्हामिसोल वेगळं आहे, पण त्यात डोस थोडा जास्त झाला तरी विषबाधा व्हायची शक्यता या गटापेक्षा जास्त, म्हणून अंदाजाने तर अजिबात नाही.

तोंडातून पाजताना पक्ष्याला काखेत धरा, पंख अंगाला चिकटलेले, पाय खालून आधाराला. चोच उघडली की जिभेच्या मागे मधोमध एक छोटी फट उघडझाप करताना दिसेल, ती श्वासनलिका. औषध तिच्यात गेलं तर पक्षी जागच्या जागी गुदमरू शकतो. त्यामुळे सुई नसलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा, पक्ष्याला स्वतः गिळू द्या, डोकं मागे ओढून एकदम पिचकारी मारू नका. कोंबडीला सगळ्यात सोपं म्हणजे ब्रेडच्या छोट्या तुकड्यावर तिचा डोस टाकायचा आणि समोर उभं राहून तो तिनेच खाल्ला हे बघायचं. हंसाचे पंख जोरात लागतात, एकट्याने नका करू.

जंत कुठला, औषध कुठलं

पिपराझिन स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं म्हणून लोक वर्षानुवर्षं तेच देतात. ते मोठ्या गोल जंतांवर चांगलं आहे, पण पूर्ण वाढलेल्या जंतांवर, आणि जवळजवळ त्यांच्यापुरतंच. ते जंताला लुळा करतं, मग तो शीटेतून जिवंत बाहेर पडतो, ५-१० सेंटिमीटरचे पांढरे जंत बघून आपल्याला वाटतं काम झालं. आतड्याच्या अस्तरात बसलेली लहान अवस्था मागे राहते आणि पुढच्या काही आठवड्यांत मोठी होते. केसासारखे बारीक जंत, कॅपिलारिया, त्याला दादच देत नाहीत, आणि खरा त्रास तेच देतात. ते इतके बारीक असतात की शीटेत तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, फक्त तपासणीत त्यांचं लिंबासारखं दोन्ही टोकांना बूच असलेलं अंडं सापडतं. 'शीटेत जंत दिसत नाहीत म्हणजे नाहीत' असं समजणाऱ्यांकडे पक्षी वाळत जातात ते बहुतेक यांच्यामुळे. यांना जास्त दिवसांचा कोर्स लागतो आणि बऱ्याचदा १०-१४ दिवसांनी परत द्यावा लागतो.

पट्टकृमींवर वरची नेहमीच्या डोसची औषधं भरवशाची नाहीत, तिथे प्राझिक्वांटेल लागतं, आणि ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. पण लक्षात घ्या, पट्टकृमी एका पक्ष्याच्या शीटेतून थेट दुसऱ्यात जात नाही, मध्ये मुंगी, भुंगेरा, माशी किंवा गोगलगाय लागते. खुराड्यात माश्यांचं राज्य असेल तर प्राझिक्वांटेल देऊनही परत येणार.

मान लांब करून, तोंड वासून श्वास घेणारा, मधूनच डोकं झटकणारा पक्षी दिसला तर श्वासनलिकेतला गेपवर्म असू शकतो. लाल रंगाचे, नर-मादी कायमचे चिकटलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसतात. उन्हाने धापा टाकणं आणि सर्दीचे आजार यांतही तोंड उघडं असतं, फरक असा की उन्हाचा पक्षी सावलीत बरा होतो आणि सर्दीत नाक-डोळे वाहतात. गेपवर्मची अळी गांडुळात काही वर्षं जिवंत राहते, म्हणून ओल्या दिवसांत परत परत येणाऱ्यांत हा पहिला संशयित. सीकममधला छोटा जंत, हेटेराकिस, कोंबडीला स्वतः फारसा त्रास देत नाही पण त्याच्या अंड्यातून ब्लॅकहेड या सीकम आणि यकृताच्या आजाराचा जीव जातो आणि टर्की असतील तर त्या मरतात, कोंबडी आणि टर्की एका जमिनीवर ठेवू नयेत ते यासाठी.

हंसांचा वेगळा जंत आहे, अ‍ॅमिडोस्टोमम, गिझर्डमध्ये, म्हणजे खाल्लेलं दळणाऱ्या जाड पोटात, आतल्या कडक अस्तराच्या खाली बसतो. बारीक, लालसर, एक-दोन सेंटिमीटरचा. मोठ्या हंसात त्याची काही खूण दिसत नाही, तो आरामात बाळगून असतो, आणि पिल्लं मात्र खाणं सोडतात, वाढ थांबते, मरतात. याला गांडूळ-गोगलगाय काही लागत नाही आणि बाहेर पडलेल्या अंड्यापासून गवतावर अळी तयार व्हायला आठवडाही लागत नाही. म्हणून हंसाची पिल्लं जिथे मोठे हंस चरलेत त्या गवतावर सोडू नका. ही एकच गोष्ट पाळली तरी पिल्लं वाचतात, आणि अंड्यावर बसायच्या आधी आईबापांना औषध द्या. बदकं डबक्यातल्या गोगलगायी आणि बारीक पाणकिड्यांमधून फ्लूक (पानासारखे चपटे जंत) आणि पोटातले इतर जंत घेतात, तो प्रकार कोंबडीच्या औषधाने आटोक्यात येईलच असं नाही, तिथे लॅबचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय औषध ठरवू नका.

जमीन

५-८ आठवडेवाल्या लोकांचं उत्तर बाटलीत नाही. पक्ष्यातले जंत मेले त्या दिवशीसुद्धा अंगणात लाखो अंडी पडलेली असतात, ती जाड कवचाची असतात, ओल्या सावलीच्या मातीत महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा टिकतात, आणि फिनाइलसारखी नेहमीची जंतुनाशकं त्यांचं काही बिघडवत नाहीत. त्यांना मारतं ते कडक ऊन, कोरडेपणा आणि उष्णता. म्हणजे सिमेंटच्या किंवा लाकडाच्या पृष्ठभागावर खरवडून मग उकळतं पाणी किंवा वाफ, आणि मातीवर ऊन.

पण एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. गोल जंताचं ताजं अंडं लगेच लागण करत नाही, त्याला उबदार ओलाव्यात साधारण दोन आठवडे तयार व्हायला लागतात. रात्रीत पक्षी दांड्यावर बसून ढीगभर शीट टाकतात, ती दांड्याखाली फळी लावून रोज किंवा दिवसाआड उचलली तर ती अंडी कधी तयारच होत नाहीत. रोजचं पाच मिनिटांचं काम, आणि औषधाइतकंच मोलाचं. उचललेली शीट पक्षी जातात तिथल्या झाडांना घालू नका, झाकून कंपोस्ट करा, आत चांगलं गरम व्हायला हवं.

मग पाण्याच्या भांड्याभोवतालची जागा बघा. बदकं असतील तर तिथे कायम चिखल, कोंबड्या त्याच चिखलात उकरतात, गांडुळं तिथेच वर येतात, अख्ख्या अंगणातला सगळ्यात वाईट वाफा तोच. भांडं जाळीवर ठेवा, खाली खडी टाका, पाणी वाहून जाईल असं करा, नाहीतर निदान जागा बदलत राहा. बदकांचं पाणी आणि कोंबड्यांची जागा वेगळी करता आली तर उत्तम. खाद्य जमिनीवर फेकणं बंद. भुसा ओला झाला, ढेकळं झाली की काढून टाका, वरून नवा पसरून काही होत नाही. जागा असेल तर दोन-तीन भाग पाडून आळीपाळीने वापरा आणि रिकाम्या भागातलं गवत अगदी खाली कापा म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचेल, उंच गवताखाली अंडी मजेत राहतात. जागा नसेल तर पक्षी कमी करा, हे कुणाला ऐकायला आवडत नाही पण छोट्या जागेत दाटीने पक्षी ठेवून औषधावर चालवणं हे कायमचं दुखणं आहे. पिल्लं आणि तलंगा मोठ्यांपासून वेगळ्या जमिनीवर वाढवा, साधारण तीन महिन्यांनंतर कोंबडीत गोल जंतांविरुद्ध थोडी ताकद येते, त्याआधी मार जास्त बसतो. आणि प्रोटीन आणि अ जीवनसत्त्व कमी असलेल्या पक्ष्यात जंत जास्त टिकतात, नुसत्या धान्यावर ठेवलेला कळप याच चक्रात अडकतो.

नवीन पक्षी आणला की आधी वेगळा, शीट तपासून, औषध देऊन, मग कळपात.

औषध देताना सांभाळायचं

अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही ते औषधाप्रमाणे, बनवण्याच्या पद्धतीप्रमाणे आणि देशाच्या नियमाप्रमाणे बदलतं, कुठे शून्य दिवस, कुठे अंड्यावरच्या पक्ष्यांना द्यायलाच मनाई. बाटलीवर तुमच्या पक्ष्याचं नाव नसेल तर तो कालावधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, कोंबडीचा आकडा बदकाला आपल्या मनाने लावू नका. पिसं झडून नवीन येत असतील तेव्हा फेनबेंडाझोल टाळा, वाढणारी पिसं वेडीवाकडी येऊ शकतात, आणि कबुतरं पाळत असाल तर ते खाद्य त्यांच्या चोचीला लागू देऊ नका, त्यांना ते विषारी ठरू शकतं. फार जंत झालेलं अशक्त पिल्लू असेल तर सगळे जंत एकदम मेल्या-सुटल्याने आतडं तुंबू शकतं, अशा वेळी डोस कसा द्यायचा ते विचारून मगच द्या.

भोपळ्याच्या बिया, लसूण, अ‍ॅपल व्हिनेगर यांबद्दल दरवेळी विचारलं जातं. खाऊ म्हणून द्या, हरकत नाही, पण वाळत चाललेल्या पक्ष्यावर त्यांच्या भरवशावर दोन आठवडे घालवू नका. डायटोमेशियस अर्थ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी, तिची बारीक धूळ पक्ष्याच्या आणि तुमच्याही फुप्फुसात जाते, खाद्यात मिसळून जंत जातील असा भरवसा ठेवता येत नाही, मी तरी ते वापरा म्हणणार नाही.

आणि एखादा पक्षी मेला तर लगेच पुरू नका, त्याच्या पोटात तुमच्या प्रश्नाचं उत्तर असतं. अचानक बरेच पक्षी एकदम मेले असतील तर मात्र हात लावू नका, उघडू नका, बर्ड फ्लूची शक्यता धरून सरळ पशुवैद्यकीय खात्याला कळवा. एकटा, वाळत जाऊन मेलेला पक्षी असेल तर पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, गोठवू नका, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लॅबमध्ये पोचवा. त्यांना सांगा की श्वासनलिका उभी चिरून बघा, दोन्ही सीकम बघा, हंस असेल तर गिझर्डचं अस्तर सोलून खाली बघा, आणि आतडं चिरून काळ्या ट्रेमध्ये पाण्यात पसरून बघा, केसासारखे जंत नुसत्या आतड्यावर दिसत नाहीत, पाण्यात सुटे झाले की दिसतात.